सांत्वनाचं जेवण

माफाल्दाला माणसांच्या ओठांची किळस होती. लहानपणापासून होती. कुणी भेटलं की आधी एका गालाचा मुका, मग दुसऱ्या गालाचा, ही आमची रीत. माफाल्दा मात्र हात पुढे करायची आणि कोपर असं ताठ ठेवायची की समोरच्याला जवळ येताच येऊ नये. आमच्या पेत्रास्कूरा गावात या कोपराची फार चेष्टा व्हायची. "माफाल्दाचा गाल फक्त कानिओला मिळतो, तोही सणासुदीला," असं चौकातल्या बारमध्ये बसणारे म्हणायचे. कानिओ, म्हणजे तिचा नवरा, ते ऐकून नुसता हसायचा.

त्याच कानिओला पुरायच्या दिवशी तिला चर्चच्या पायरीवर उभं राहून अख्ख्या गावाला गाल द्यावे लागले.

शवपेटी गाडीत चढली होती, पाद्री घाम पुसत होता आणि रांग पायऱ्यांवरून खाली चौकापर्यंत गेली होती. जो येई तो ओला हात, ओले ओठ आणि एक वाक्य घेऊन येई. वाक्यं ठरलेली. सगळ्यात भारदस्त म्हणजे 'सेन्तीते कोन्दोल्यान्से', तुमचं दुःख मला आतून जाणवतंय. आतून काय जाणवत होतं ते डोळ्यांत दिसायचं: मागे रांग किती उरलीय आणि घरी जेवायला काय आहे. कुणी म्हणे धीर धर. कुणी म्हणे सुटला बिचारा. पोस्टमास्तरची बायको म्हणाली, "काय बोलू, शब्दच नाहीत," आणि मग स्वतःच्या आईच्या पित्ताशयाची गोष्ट सुरुवातीपासून सांगत बसली. माफाल्दाच्या दोन्ही गालांवर पावडर, थुंकी आणि कुणाच्या तरी मिशीचा तेलकटपणा साचला होता. काळ्या रुमालाने ती पुसत होती आणि पुसून होईपर्यंत पुढचं तोंड येत होतं. तिला मळमळायला लागलं. नवरा गेल्याचं रडू घशाशी होतं, पण त्याच्यावर ही मळमळ येऊन बसली होती.

त्या 'कोन्दोल्यान्से' शब्दाचा तिला तिटकारा होता, आणि तो उगीच नव्हता. तिचा बाप जंगलात लाकडाचा कोळसा पाडायचा. तो भट्टीवर गुदमरून मेला तेव्हा ती कमरेएवढी होती. जंगलाच्या मालकाचा कारभारी घरी आला, टोपी न काढता आत शिरला, तिच्या आईचा हात धरला आणि म्हणाला, "कोन्दोल्यान्से." त्याच्या तोंडात बडीशेपेची गोळी होती. शब्द बोलताना ती जिभेवरून या गालातून त्या गालात गेली, ते पोरीने खालून पाहिलं. मग त्याने विचारलं, झोपडी कधी रिकामी करताय. तेव्हापासून हा शब्द ऐकला की तिला बडीशेपेचा वास यायचा, आणि आमच्याकडे माणसं मरतच असतात, त्यामुळे तो वास तिच्या नाकातून कधी फारसा गेलाच नाही.

म्हणून तिने तो शब्द जन्मात उच्चारला नाही. ती भांडं घेऊन जायची.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरेधायरे जेवण घेऊन जातात, त्याला आम्ही कोन्सोलो म्हणतो. माफाल्दा नन्सच्या बालवाडीत स्वयंपाकीण होती. शंभर पोरांचं रांधायचा हात तिचा. कुणाकडे मयत झालं की ती एका कानाचं आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं भरून कोंबडीचं सूप घेऊन जायची. दुसरा कान कधीचाच तुटलेला, त्या बाजूने फडकं धरून. आत जायची, पातेलं टेबलावर ठेवायची, वाडग्यात ओतायची आणि म्हणायची, "खा, गार होतंय." बस. रडणाऱ्याला जवळ घेणं नाही, पाठ थोपटणं नाही. गावातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ते सूप रडत रडत प्यायलेलं आहे. "बाई दगड आहे," असं म्हणणाऱ्यांनीसुद्धा वाडगा दुसऱ्यांदा पुढे केलेला आहे.

दगडखाणीच्या मालकाची, आमेदेओ सात्रियानोची आई वारली तेव्हाही ती गेली होती. त्यांच्याकडे स्वयंपाकाला दोन बायका होत्या, तरी गेली. आमेदेओ तिचा कोम्पारे होता आणि ती त्याची कोमारे. तिच्या मुलाला, जेरार्दोला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानेच हातांवर धरलं होतं. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्यापेक्षा जड. भावाशी अबोला धरलेला चालतो, कोम्पारेशी नाही.

कानिओ त्याच आमेदेओच्या खाणीत दगड कापायचा. जवानीत शिरला आणि केस पिकेपर्यंत पांढरी धूळ खाल्ली. मग खोकला लागला. आधी सकाळचा, मग जिना चढताना, मग बसल्या जागी. डॉक्टरने फुप्फुसाचा फोटो बघून विचारलं, "दगडाचं काम करता का हो?" कामाने जडलेलं दुखणं म्हणून कानिओने भरपाईसाठी कोर्टात अर्ज केला. तिथे आमेदेओ उभा राहिला, चांगला इस्त्रीचा कोट घालून, आणि गळा दाटून आल्यासारखं करून म्हणाला, "साहेब, माझा कोम्पारे आहे, मला सांगताना वाईट वाटतं. पण तो सिगरेट फार ओढायचा. आम्ही सगळे सांगून थकलो."

कानिओने आयुष्यात सिगरेट ओढली नव्हती. धुराने त्याला शिंका यायच्या, बारमध्येसुद्धा तो दाराशी बसायचा. न्यायाधीशाने खाणीतल्या माणसांना विचारलं. साविनो कानिओच्या शेजारी, एकाच करवतीवर काम करायचा. एकाच डब्यातून दोघं जेवायचे. साविनो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी खाली मान घालून काम करतो साहेब. कोण काय ओढतो, माझं लक्ष नसतं." बाकीच्यांचंही लक्ष नव्हतं. अर्ज फेटाळला गेला.

अर्जाचं जाऊ दे, कानिओला लागलं ते वेगळंच. लोक त्याच्याकडे बघून मान हलवायला लागले, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं म्हणून. शेवटच्या वर्षात तो ज्याला त्याला सांगायचा, "मी ओढत नव्हतो हो." पोस्टमनला सांगायचा, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सला सांगायचा. समोरचा म्हणायचा, "असेल, असेल. आता आराम करा." हे 'असेल, असेल' माफाल्दा स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तिच्या हातातली सुरी थांबायची. आजारी माणसाला इतक्या गोड आवाजात खोटं पाडलेलं तिने दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

तर पायरीवर रांग सरकत होती आणि त्या रांगेत साविनो आला. तोही आता खोकत होता. त्याने टोपी हातात चुरगाळली होती. ठरलेलं वाक्यसुद्धा त्याला जमेना. हात पुढे केला तर माफाल्दाने आपला हात मागे घेतला. आमेदेओचा तिला राग होता. साविनोची तिला शिसारी यायची. मालक खोटं बोलणारच, पण हा एका डब्यातून जेवलेला. साविनो तसाच बाजूला झाला.

त्याच्या पाठोपाठ आमेदेओ. त्याने तिचं कोपर जुमानलं नाही. दोन्ही हातांनी खांदे धरले, तोंड तिच्या गालावर दाबलं, एकदा, दोनदा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोमारे, माझा भाऊ गेला. मी तुझ्याजवळ आहे." कोलोनचा वास तिच्या केसांत शिरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हे तिला सगळ्यात घाणेरडं वाटलं. पाणी खरं होतं.

घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर काळ्या चौकटीचे कागद दिसले. घरच्यांनी कानिओचा एक साधा कागद लावला होता: नाव, वय, चर्चची वेळ. त्याच्यावर अर्ध्यापर्यंत चढवून सात्रियानोंचा मोठा कागद होता: 'प्रामाणिक कामगार आणि लाडका कोम्पारे यांच्या जाण्याने सात्रियानो परिवार शोकाकुल आहे.' खळ अजून ओली होती. तिचे ओघळ खाली कानिओच्या नावावर आले होते. माफाल्दा उभी राहिली, नखाने कोपरा उचकटून बघितला. निघाला नाही, बोटांना खळ तेवढी लागली. ती तिने कोटाला पुसली.

घरात तिची नणंद विन्चेन्सा खुर्च्या मांडत होती. खिडकीचे पडदे ओढलेले, आरशावर चादर, शेगडी पुसून कोरडी. विन्चेन्सा मनाने वाईट नाही, पण तिला चारचौघांत शोभेल तेच खरं वाटतं.

"वहिनी, बस आता. पाय वर घे," ती म्हणाली. "आणि ऐक, आजचं जेवण आमेदेओंकडून येतंय. हॉटेलात सांगितलंय त्यांनी. भाजलेला पास्ता, कोकराचं मटण, सगळं व्यवस्थित."

"कुणी सांगितलं त्याला?"

"सांगायला कशाला हवं? पहिला मान कोम्पारेचा. त्यांच्या आईच्या वेळी तू सूप नेलं होतंस. ते परत करायला नको का त्यांनी?"

"ते त्याच्या आईसाठी नेलं होतं. म्हातारी बरी होती."

"वहिनी, दादा गेला. आता पुरे कर." विन्चेन्साने आवाज खाली आणला. "जेवलीस की संपलं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप."

तेच तर होतं. आमच्या गावात ज्याचा कोन्सोलो खाल्ला त्याच्याशी तंटा संपला. मग पुढे त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. मयताच्या घरात बसून त्याचा घास गिळलास ना, असं कुणीही ऐकवतं. माफाल्दाने आज तो पास्ता खाल्ला की कोर्टातलं बोलणं खरं ठरणार होतं. कानिओ सिगरेट ओढणारा माणूस म्हणून कायमचा मातीत जाणार होता, आणि त्यावर शिक्का तिच्या तोंडाचा.

जेरार्दो दाराशी उभा राहून ऐकत होता. तो खाणीचा ट्रक चालवायचा. दोन लहान पोरं होती त्याला.

"आई," तो म्हणाला, "दोन घास खा आणि सोड. मला उद्या परवा त्याच गेटमधून आत जायचंय."

"तुझा बाप ओढायचा का रे?"

"आई, मला काय विचारतेस."

"तुलाच विचारते. बाकी सगळ्यांना कोर्टाने विचारून झालं."

जेरार्दो बुटांकडे बघायला लागला. साविनोसारखाच बघत होता तो, अगदी तसाच. पोटच्या पोराचीही किळस येऊ शकते, हे माफाल्दाला त्या क्षणी कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी किळस गेली नाही.

लोक यायला लागले. भिंतीला लागून खुर्च्यांवर काळे कपडे बसले. खोलीत हळूहळू बोलणं, उसासे, आणि मधेच कुणीतरी, "काय माणूस होता." साविनोही आला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि फडक्यात खोकत राहिला. मग बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. हॉटेलचे दोन वेटर पांढरे कोट घालून चांदीच्या रंगाचे झाकलेले ट्रे घेऊन आत आले आणि त्यांच्या मागून आमेदेओ, टोपी छातीशी धरून.

ट्रे टेबलावर मांडले गेले. झाकणं निघाली. चीज, चरबी सुटलेलं मटण, वर रोजमेरीच्या काड्या. खुर्च्यांवरचे उसासे थांबले. नाकं बोलायला लागली. आमेदेओने स्वतः ताट वाढलं, कडेला सांडलेला रस रुमालाने पुसला आणि ते माफाल्दासमोर धरलं.

"खा कोमारे," तो म्हणाला. "कानिओला आवडलं असतं. बिचाऱ्याने त्या धुराने स्वतःचं फार नुकसान करून घेतलं, पण मन सोन्याचं."

त्याने ते इतक्या मायेने म्हटलं की दोन बायकांनी डोळे पुसले. माफाल्दा त्याच्या तोंडाकडे बघत होती. बोलताना त्याच्या गालात काहीतरी या बाजूचं त्या बाजूला गेल्याचा तिला भास झाला. बडीशेपेचा वास आला. तिने ताट घेतलं नाही. ती उठली.

लोकांना वाटलं, रडू आवरेना म्हणून आत चालली. स्वयंपाकघराचं दार तिने उघडंच ठेवलं. भिंतीवरून एका कानाचं पातेलं काढलं. नळाखाली धरलं. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला, तरी कुणाला काही कळलं नाही. मग काडी ओढल्याचा आवाज आला आणि गॅस भक्कन पेटला.

"वहिनी," विन्चेन्सा धावत दाराशी गेली. "वहिनी, अगं काय करतेस. दादाला अजून पुरतं झाकलंही नसेल."

माफाल्दा कांदा चिरत होती. "माझ्या घरात जेवायला आहे," ती म्हणाली. "ज्याला भूक असेल त्याने थांबावं."

पेत्रास्कूरात मयताच्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटलेली कुणी पाहिली नव्हती. म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. तेलात कांदा पडला आणि त्याचा वास पडद्यांतून, दारातून, गल्लीत गेला. बाहेर उभे असलेले लोक वर बघायला लागले. त्या वासाचा अर्थ लावायला आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही: या बाईला आपलं सांत्वन नकोय. आमेदेओचं तर नकोच, पण पायरीवर ज्यांनी ज्यांनी गाल ओले केले त्यांचंही नको.

"दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय," आमेदेओ खोलीला उद्देशून म्हणाला. ताट अजून त्याच्या हातातच होतं. "समजून घेतलं पाहिजे आपण."

खोलीने माना हलवल्या. समजून घ्यायला सगळे तयारच होते. एक क्षणभर माफाल्दाला आतून वाटलं, संपलं. हाही डाव त्याचाच. आता ती वेडी ठरणार, आणि वेड्या बाईच्या नवऱ्याने काय ओढलं, काय नाही, हे कोण विचारतं. तिने शिळ्या पावाचे तुकडे पातेल्यात टाकले. काही तुकडे बाहेर पडले.

"कानिओ ओढत नव्हता."

आवाज दाराकडून आला होता. साविनो स्टुलावरून उठला होता आणि भिंतीला धरून उभा होता. मान वर होती, पण कुणाकडे बघत नव्हता.

"काय म्हणालास?" आमेदेओने विचारलं. अजून मायेनेच.

"ओढत नव्हता. कधीच नाही. मी ओढायचो, आणि तो मला लांब बस म्हणायचा." त्याला खोकला आला. "मालक, तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. इथे बसलेल्या खाणीतल्या प्रत्येकाला माहीत होतं."

त्यावर कुणी 'असेल, असेल' म्हणालं नाही. म्हणायला सोयच नव्हती. खाणीतले चौघं पाचजण भिंतीला लागून बसले होते आणि त्यांच्यातल्या एकानेही ते नाकारलं नाही. आमेदेओने ताट टेबलावर ठेवलं. हाताला लागलेली चरबी रुमालाला पुसली. काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून त्याने छाती भरून घेतली, पण या प्रसंगासाठी ठरलेलं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. टोपी घालून तो निघून गेला. जाताना त्याने जेरार्दोकडे बघितलं, आणि जेरार्दोला त्या बघण्याचा अर्थ कळला.

जेरार्दोने ट्रेवर झाकणं घातली, एकावर एक रचले आणि छातीशी धरून बाहेर हॉटेलच्या गाडीत नेऊन ठेवले. परत येताना त्याच्या शर्टाला मटणाचा रस लागला होता. "आई, मलाही वाढ," तो म्हणाला.

बरेचसे लोक गेले. विन्चेन्सा कोपऱ्यात रुसून बसली. साविनो टेबलाच्या कडेला अंग चोरून टेकला.

माफाल्दाने पातेलं फडक्यात धरून आणलं. पाणी, कांदा, शिळा पाव आणि वर फोडलेली अंडी. कानिओ खाणीतून आला की हेच मागायचा. तिने जेरार्दोला वाढलं. मग साविनोसमोर उभी राहिली. त्याची टोपी, त्याचं फडकं, त्याचे पाणावलेले डोळे तिने बघितले, आणि तिला त्याची अजूनही शिसारी आली. हे वाक्य कोर्टात बोलला असता तर कानिओने ते कानांनी ऐकलं असतं. आता ते मेलेल्या माणसाला काय कामाचं. पण आज सकाळपासून सगळ्या गावाने तिच्या गालांवर जे काही चोपडलं होतं, त्यात कानिओबद्दल खरं असलेलं एवढं एकच वाक्य होतं.

तिने वाडगा काठापर्यंत भरला आणि त्याच्यासमोर आपटला. थोडं सूप टेबलावर सांडलं.

"खा," ती म्हणाली, "गार होतंय."

साविनोने चमचा उचलला. तेव्हा कुठे तिच्या घशाशी अडकलेलं रडू सुटलं. पाठ वळवून, शेगडीकडे तोंड करून ती रडली, आणि कुणी तिच्याजवळ गेलं नाही.